वंशावळीचा पुरावा आणि दप्तरातील रिकाम्या जागा

पणजोबा कोण होते आणि ते कोणत्या गावी राहत होते, हा एरवी श्राद्धपक्षात किंवा सोयरीक जुळविताना निघणारा प्रश्न. गेल्या काही वर्षांत मात्र तो महाराष्ट्रातील तहसील कार्यालयांच्या अभिलेख कक्षांत, जात पडताळणी समित्यांसमोर आणि उच्च न्यायालयात विचारला जाऊ लागला आहे. त्याच्या उत्तरावर मुलाचा महाविद्यालयीन प्रवेश, मुलीची नोकरी आणि ग्रामपंचायतीतील राखीव जागेवरचा विजय अवलंबून असतो. घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणीला येथे फारशी किंमत नाही. कागद लागतो आणि तो जितका जुना तितके त्याचे वजन अधिक.

या शोधाला मोठे स्वरूप आले ते मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे. अंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे पाटील यांनी सुरू केलेल्या उपोषणानंतर ७ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मराठवाड्यातील निजामकालीन कागदपत्रांत ज्यांच्या पूर्वजांची नोंद ‘कुणबी’ अशी आहे, त्यांना प्रमाणपत्र देण्याची कार्यपद्धती ठरविणे हे तिचे काम होते. पुढे तिची व्याप्ती राज्यभर वाढविण्यात आली. ऑक्टोबर २०२३ अखेरच्या पहिल्या अहवालात मराठवाड्यातील सुमारे १ कोटी ७३ लाख नोंदी तपासल्याचे आणि त्यांत ११ हजार ५३० कुणबी नोंदी आढळल्याचे सांगण्यात आले. राज्यभरातील शोधात हा आकडा जानेवारी २०२४ पर्यंत ५४ लाखांवर गेला. त्यातील मोठा वाटा विदर्भासारख्या, कुणबी ही ओळख पूर्वीपासूनच रूढ असलेल्या भागांचा होता. मराठवाड्यातील नोंदी त्या मानाने अत्यल्प राहिल्या. २९ ऑगस्ट २०२५ पासून आझाद मैदानावर झालेल्या उपोषणानंतर २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरविषयीचा शासन निर्णय निघाला आणि गावपातळीवरील समित्यांकडे चौकशीचे काम सोपविले गेले.

आरक्षण कोणाला मिळावे, हा वाद राजकीय आणि न्यायालयीन आहे व तो चालूच राहील. त्या वादाच्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडतो. ज्या दप्तरांत पूर्वजांचा शोध घ्यायला सांगितले जाते, त्या दप्तरांत नेमके कोण सापडते आणि कोण सापडत नाही?

कागद कोणासाठी लिहिले गेले?

शिंदे समितीच्या कामासाठी जे अभिलेख तपासण्यात आले, त्यांची यादी हा एक मनोरंजक दस्तऐवज आहे. महसूल खात्याचे खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर, हक्क नोंद पत्रक आणि सातबारा; गावचे जन्म-मृत्यू रजिस्टर; शाळेचे प्रवेश-निर्गम व जनरल रजिस्टर; भूमी अभिलेख खात्याचे पक्के बुक, शेतवार पत्रक आणि क्लासर रजिस्टर; दुय्यम निबंधकांकडील खरेदीखते, भाडेचिठ्ठ्या, बटाई पत्रके, दत्तकविधाने आणि मृत्युपत्रे. एवढ्यावर यादी थांबत नाही. उत्पादन शुल्क खात्याच्या ताडीच्या नोंदवह्या, पोलिसांचे गुन्हे रजिस्टर आणि अटक पंचनामे, तुरुंगातील कच्च्या कैद्यांची नोंदवही, हेही तीत आहे. ज्या पूर्वजाला एकेकाळी कोठडीची हवा खावी लागली, त्याची ती नोंद आज नातवंडांच्या कामी येऊ शकते, असा हा विलक्षण उलटफेर आहे.

या यादीतून एक गोष्ट स्पष्ट होते. यापैकी एकही कागद कोणाचे कूळ जपण्यासाठी लिहिला गेलेला नव्हता. सारा वसूल करणे, जमिनीची प्रत ठरविणे, साथीच्या रोगांनी किती माणसे दगावली याचा हिशेब ठेवणे, गुन्हेगारांवर पाळत ठेवणे, अशी ती कारणे होती. कारकुनाने जातीचा रकाना भरला तो या कामाच्या ओघात, कधी विचारून, कधी गावातील चालीप्रमाणे, कधी नुसता ‘कु’ असा संक्षेप लिहून. त्या वेळी त्या अक्षराला काही किंमत नव्हती. आज तेच अक्षर निर्णायक पुरावा ठरते.

साहजिकच ज्याच्याकडे सरकारला काही घेण्यासारखे होते, त्याची नोंद जास्त झाली. शेतसारा भरणारा खातेदार दर पिढीला कागदावर उतरला. त्याच्या मृत्यूनंतर वारसांची नावे फेरफारात लागली. त्याच शेतात राबणारा सालगडी मात्र गाव नमुन्यांत कोठेही दिसत नाही. त्याच्या जन्माची नोंद कोतवालाने केली असेल आणि ते पुस्तक वाळवीपासून वाचले असेल, तरच त्याचे अस्तित्व सिद्ध होते.

गॅझेटियरमध्ये आकडे असतात, माणसे नसतात

हैदराबाद गॅझेटियरचा उल्लेख गेल्या दोन वर्षांत इतक्या वेळा झाला, की त्यात घराघराची नावे असावीत असा अनेकांचा समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. गॅझेटियर हा प्रदेशाचा माहितीग्रंथ. डोंगर, नद्या, पिके, बाजारपेठा यांच्या बरोबरीने त्यात जिल्ह्याची लोकसंख्या आणि तीत कोणत्या जातीचे किती लोक आहेत हे नमूद केलेले असते. निजामाच्या राज्यातील एखाद्या जिल्ह्यात कुणब्यांची संख्या मोठी होती, हे त्यावरून कळते. अमुक गावातील अमुक माणूस त्या संख्येत मोजला गेला होता काय, हे कळत नाही.

जनगणनेचेही तेच. जातवार मोजणीचे १९३१ पर्यंतचे तक्ते ग्रंथालयांत उपलब्ध आहेत. ज्या घरोघरच्या चिठ्ठ्यांवरून ते तयार झाले, त्या मात्र जतन केल्या गेल्या नाहीत. ब्रिटनमध्ये जनगणनेचे घरोघरचे तक्ते १०० वर्षांनंतर खुले होतात. १९२१ चे तक्ते जानेवारी २०२२ मध्ये खुले झाले आणि लोकांनी आपले पणजोबा कोणत्या गल्लीत, कोणाच्या शेजारी राहत होते, हे घरबसल्या पाहिले. भारतात १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार व्यक्तिगत नोंदी पाहता येत नाहीत आणि त्या पुरावा म्हणूनही चालत नाहीत. गोपनीयतेच्या दृष्टीने ही तरतूद योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो, की केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जातनिहाय मोजणीचा निर्णय घेतला असला, तरी त्या मोजणीतून कोणाही कुटुंबाला स्वतःच्या जातीचा दाखला मिळणार नाही. मोजणी धोरणासाठी असते, दाखला व्यक्तीसाठी असतो. या दोन गोष्टींची गल्लत सार्वजनिक चर्चेत सर्रास होते.

राज्य सरकारलाही ही अडचण ठाऊक आहे. म्हणूनच २ सप्टेंबर २०२५ च्या निर्णयात गॅझेटियरच्या जोडीला स्थानिक चौकशीची तरतूद करावी लागली. मराठा समाजातील ज्या भूमिहीन, शेतमजूर किंवा बटाईने शेती करणाऱ्यांकडे मालकीचा पुरावा नाही, त्यांनी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी आपले पूर्वज त्या भागात राहत होते, असे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि गावातील किंवा कुळातील नातेवाइकाला प्रमाणपत्र मिळालेले असल्यास वंशावळीची चौकशी व्हावी, अशी ही पद्धत आहे. ओबीसी संघटनांनी या निर्णयाला उच्च न्यायालयात आव्हान दिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती देण्यास नकार दिला. जुन्या नोंदींत मागाहून शब्द घुसविले जात असल्याचा आरोपही ओबीसी नेत्यांनी केला आहे. हे आरोप खरे असोत वा खोटे, मूळ दप्तराची विश्वासार्हता टिकविणे हे दोन्ही बाजूंच्या हिताचे आहे.

मोडी, उर्दू आणि फसली सन

कागद सापडला म्हणजे तो वाचता येतोच असे नाही. पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि विदर्भातील विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील असंख्य नोंदी मोडी लिपीत आहेत. मोडीत शब्दांमध्ये अंतर सोडण्याची पद्धत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. एका कारकुनाचे वळण दुसऱ्याशी जुळत नाही. मराठवाड्यात त्यात उर्दू आणि फारसीची भर पडते. वर्षे फसली सनाची, महिने आजूर, दै, बहमन असे. फसली १३५६ म्हणजे इसवी सन १९४६-४७, हे गणित करता आले नाही, तर आजोबांचे वय आणि कागदाची तारीख यांचा मेळ बसत नाही आणि पडताळणीत तेवढ्यावरून शंका निघते.

त्यातच आडनावांचा प्रश्न. शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदीत बहुधा माणसाचे नाव आणि बापाचे नाव एवढेच असते. मुंबई इलाख्यात ‘बिन’, तर वऱ्हाडात आणि निजामाच्या मुलुखात ‘वल्द’. ‘रामा वल्द भिवा’ अशी नोंद एका गावात तीन ठिकाणी मिळाली, तर त्यातला आपला रामा कोणता? आडनाव नंतर आले. कधी गावावरून, कधी हुद्द्यावरून, कधी शाळामास्तरांच्या लेखणीतून. एकाच घरातील दोन भावांची आडनावे वेगळी झाल्याची उदाहरणे गावोगाव सापडतात. मग सर्व्हे नंबरचा आधार घ्यावा लागतो. माणसाची ओळख शेताच्या तुकड्यावरून पटवावी लागते. ज्याचे शेतच नव्हते, त्याची वाट येथे संपते.

मोडी वाचकांची संख्या हा या साऱ्या व्यवहाराचा सर्वांत अरुंद दरवाजा आहे. १९५० च्या दशकात मोडी शासकीय व्यवहारातून गेली आणि ती वाचणारी पिढी काळाच्या पडद्याआड गेली. पुराभिलेख संचालनालय आणि काही संस्था मोडीचे वर्ग चालवितात. मात्र वर्ग पूर्ण करणे आणि महसुली दप्तरातील घाईघाईने लिहिलेले अक्षर लावणे यांत अंतर आहे. २०२३ मध्ये एकाच वेळी सर्व जिल्ह्यांना मोडी जाणकार हवे झाले, तेव्हा ही टंचाई उघडी पडली. वाचकच कमी असतील, तर त्याने काढलेल्या लिप्यंतराची फेरतपासणी करणार कोण, हा त्यापुढचा प्रश्न.

सीमा सरकल्या, दप्तरे हलली

कुटुंब जागचे हलले नाही, तरी त्याच्या गावाचा कारभार हलला असू शकतो. मराठवाड्यात हे ठळकपणे दिसते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके तोपर्यंत बिदर जिल्ह्यात होते. ते उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाल्यावर लातूरमध्ये आले. उदगीरच्या एखाद्या कुटुंबाचा कागद म्हणून लातूर, धाराशिव आणि कर्नाटकातील बिदर अशा तीन ठिकाणी शोधावा लागतो. संस्थानी काळातील मध्यवर्ती दप्तरासाठी हैदराबाद गाठावे लागते ते वेगळेच. किनवट पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते. जालना १९८१ मध्ये, हिंगोली १९९९ मध्ये वेगळा जिल्हा झाला. प्रत्येक विभाजनाच्या वेळी दप्तरांची वाटणी झाली.

धरणांनी उठविलेल्या गावांची कथा याहून बिकट. कोयनेच्या जलाशयाखाली गेलेल्या गावांतील कुटुंबे सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड अशा जिल्ह्यांत विखुरली. जायकवाडीने पैठण परिसरातील गावे हलविली. नव्या गावात जमीन मिळाली, पण तेथील सातबारा पुनर्वसनापासून सुरू होतो. मागची साखळी जोडण्यासाठी जे गावच आता नकाशावर नाही, त्याचे दप्तर शोधायचे असते.

गाव सोडले त्यांचे काय?

खरी कोंडी होते ती पोट भरण्यासाठी गाव सोडलेल्यांची. कोकणातून, साताऱ्यातून, अहिल्यानगर आणि सोलापूरकडून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या माणसाची गावातील नोंद त्याच्या भावाच्या नावाखाली दबून गेली आणि शहरातील नोंद गिरणीच्या हजेरीपटात राहिली. खोली बहुधा दुसऱ्याच्या नावावर, बाळंतपण गावी, शाळा महापालिकेची. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागोमाग बंद पडल्या आणि त्यांची दप्तरेही विखुरली. गिरणी कामगारांच्या घरांसाठी सुमारे पावणेदोन लाख अर्ज आले, तेव्हा पात्रतेसाठी १ जानेवारी १९८२ या तारखेला पटावर असल्याचा पुरावा मागण्यात आला. तिकीट नंबर, हजेरी कार्ड, भविष्य निर्वाह निधीची पावती यांसाठी वारसांना ट्रंका धुंडाळाव्या लागल्या. आयुष्यभर एकाच खात्यात राबलेल्या माणसाला तो तेथे होता, हेच मृत्यूनंतर सिद्ध करावे लागले.

भटक्या-विमुक्तांची स्थिती याच्याही पलीकडची. राज्यात जातीच्या दाखल्यासाठी वास्तव्याचे मानीव दिनांक ठरलेले आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, तर इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेपूर्वी कुटुंब राज्यात कोठे राहत होते, हे दाखवावे लागते. भटकंती हाच ज्यांचा जीवनक्रम होता, त्यांना ‘कोठे राहत होतात’ असे विचारणे म्हणजे नकाराची तजवीज आधीच करून ठेवणे होय. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००८ मध्ये आणि भिकू इदाते यांच्या आयोगाने २०१८ मध्ये दिलेल्या अहवालांत या समाजांकडील कागदपत्रांचा अभाव ही मूलभूत अडचण म्हणून मांडली गेली. त्यातील क्रूर विसंगती अशी, की १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली यांपैकी काही जमातींच्या माणसांची नावे रजिस्टरात बारकाईने लिहिली जात होती. संशयित म्हणून त्यांची नोंद झाली. रहिवासी म्हणून झाली नाही.

स्त्रियांचाही स्वतंत्र उल्लेख करायला हवा. प्रत्येक लग्न हे एक स्थलांतरच असते. विवाहित स्त्रीची जात वडिलांकडून सिद्ध करायची, वडिलांचा कागद माहेरच्या गावी, तिचे नाव आणि आडनाव दोन्ही बदललेले. जुन्या फेरफारांत वारस म्हणून मुलांची नावे लागत. मुलीचे नाव अनेकदा पहिल्यांदा दिसते ते हक्कसोडपत्रावर. आसाममधील नागरिक नोंदणीच्या वेळी याचेच मोठे रूप दिसले. तेथे सरकारने १९५१ चे रजिस्टर आणि २४ मार्च १९७१ पर्यंतच्या मतदारयाद्या संगणकावर आणून नावानिशी शोधण्याची सोय केली होती. तरीही माहेरशी दुवा जोडण्यासाठी ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर विसंबलेल्या लाखो विवाहित स्त्रिया अडचणीत आल्या. ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून १९ लाख ६ हजार ६५७ अर्जदार वगळले गेले. बिहारमध्ये २०२५ साली मतदारयाद्यांच्या सखोल पुनरीक्षणात २००३ च्या यादीतील स्वतःचे किंवा आई-वडिलांचे नाव शोधण्याची वेळ आली, तेव्हाही कामासाठी परगावी गेलेल्यांचा प्रश्न पुढे आला. विषय जातीचा असो, नागरिकत्वाचा असो वा मतदानाचा. कागद मागताना शासन एकाच जागी स्थिर राहिलेले कुटुंब गृहीत धरते.

मॉरिशसच्या रजिस्टरातील मराठी माणूस

याच्या अगदी उलट उदाहरण समुद्रापलीकडे आहे. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत साडेचार लाखांहून अधिक भारतीय मजूर करारावर मॉरिशसला गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले, रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणपट्टीतील मराठी मजूरही होते. पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरताच प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, जहाज, उंची, अंगावरची खूण असे तपशील रजिस्टरात लिहिले जात. १८६० च्या दशकापासून छायाचित्रेही काढली जाऊ लागली. तो धक्का आज ‘आप्रवासी घाट’ या नावाने २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि ही रजिस्टरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत. मॉरिशसचा नागरिक तेथे जाऊन आपल्या पूर्वजाचा क्रमांक काढू शकतो. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसच्या दौऱ्यात तेथील सातव्या पिढीच्या भारतीय वंशीयांनाही परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड देण्याची घोषणा केली, तेव्हा या रजिस्टरांना व्यावहारिक मोलही आले.

ही नोंद मजुरांच्या प्रेमापोटी झाली नव्हती. मजूर पळून गेला तर ओळखता यावा, हा मळेवाल्यांचा आणि वसाहतीच्या सरकारचा हेतू होता. पण ती एका ठिकाणी राहिली, क्रमवार लावली गेली, माणसाच्या नावाने शोधता येईल अशी ठेवली गेली आणि वंशजांसाठी खुली झाली. परिणाम असा, की दीडशे वर्षांपूर्वी साता समुद्रापार गेलेल्या रत्नागिरीच्या मजुराचे गाव त्याच्या खापरपणतूला सांगता येते. मात्र चार पिढ्यांपूर्वी लातूरहून मुंबईला आलेल्या भूमिहीन कुटुंबाला ते कागदाने सिद्ध करता येत नाही.

सिद्ध करण्याचे ओझे कोणावर?

कायदा याबाबत स्पष्ट आहे. जातीचे दाखले देण्याचे व पडताळण्याचे नियमन करणाऱ्या महाराष्ट्राच्या २००१ च्या कायद्यात कलम ८ नुसार दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये पडताळणी समित्या आणि दक्षता पथकाची चौकट घालून दिली. स्वातंत्र्यपूर्व कागदाला अधिक वजन देण्याची भूमिका न्यायालयांनी सातत्याने घेतली आहे. खोटे दाखले घेऊन राखीव जागा बळकावण्याचे प्रकार राज्याने पाहिले असल्याने ही कठोरता अनाठायी म्हणता येणार नाही. त्याच वेळी, चालीरीती आणि बोलीच्या आधारे घेतली जाणारी ‘आप्तभाव चाचणी’ ही अंतिम कसोटी मानता येणार नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले. शिक्षण, स्थलांतर आणि शहरी जीवनामुळे जुन्या खुणा पुसट होतात, हे वास्तव न्यायालयांनी ओळखले आहे.

अडचण आहे ती या चौकटीच्या एका गृहीतकात. पुरावा देण्याची जबाबदारी नागरिकाची. मात्र तो पुरावा ज्या कपाटात आहे, त्याची किल्ली शासनाकडे. कपाटातील पुस्तक भिजले, जळले, विभाजनात हरवले किंवा वाचता येईनासे झाले, तर त्याचे परिणाम नागरिकाने भोगायचे. ‘अभिलेख आढळून येत नाही’ असा शेरा तहसील कार्यालयातून मिळतो. कागद अस्तित्वातच नव्हता, की होता आणि गहाळ झाला, हे त्या शेऱ्यावरून समजत नाही. पडताळणीच्या टेबलावर दोन्हींचा अर्थ बहुधा एकच होतो.

करता येण्याजोगे काही

यावर उपाय नाहीत असे नाही. महसूल विभागाने जुने सातबारा, फेरफार यांच्या प्रतिमा संगणकावर आणल्या आहेत. परंतु त्या शोधायच्या त्या गाव आणि सर्व्हे नंबर यांवरून. जमिनीच्या व्यवहारासाठी हे पुरेसे आहे, माणसाच्या शोधासाठी नाही. नोंदीतील व्यक्तीचे नाव, बापाचे नाव आणि गाव यांची सूची तयार झाली, तर शोधाचे अर्धे काम संपेल. सर्वांत आधी जन्म-मृत्यूची जुनी पुस्तके आणि शाळांची जनरल रजिस्टरे घ्यायला हवीत, कारण भूमिहीनाचे नाव सापडण्याची शक्यता असलेली तीच दोन ठिकाणे आहेत.

दुसरे, शिंदे समितीच्या निमित्ताने कोट्यवधी नोंदी तपासल्या गेल्या. हा शोध एका शब्दापुरता, एका समाजापुरता झाला. त्याच पानांवर माळी, धनगर, कोळी, महार, मांग, वंजारी, कैकाडी अशा सर्वांच्या नोंदी होत्या. कपाट उघडलेच होते, तर संपूर्ण पानाची सूची करून ती सर्वांना उपलब्ध करून देणे अवघड नव्हते. सार्वजनिक पैशाने केलेल्या एवढ्या मोठ्या कामाचा लाभ केवळ आंदोलनाचा जोर असलेल्यांपुरता राहणे न्यायाला धरून नाही.

तिसरे, मूळ पानाची प्रतिमा तारीखवार गोठवून पुराभिलेख खात्याकडे दिली, तर नंतरच्या खाडाखोडीला वाव राहणार नाही आणि ती झाल्याचा आरोपही तपासता येईल. मोडी आणि उर्दू नोंदींचे लिप्यंतर किमान दोन जाणकारांनी स्वतंत्रपणे करावे, ही अपेक्षा फार मोठी नाही. कर्नाटक आणि तेलंगणातील दप्तरांबाबत राज्याने त्या सरकारांशी कायमस्वरूपी व्यवस्था करावी. प्रत्येक अर्जदाराने बिदर आणि हैदराबादच्या फेऱ्या मारणे हास्यास्पद आहे. आणि अभिलेख गहाळ असल्यास तसा स्पष्ट दाखला, गहाळ पुस्तकाचे वर्ष व गाव नमूद करून, देणे कार्यालयावर बंधनकारक करावे. शासनाच्या हातून झालेल्या हानीचा भार मग पूर्णपणे अर्जदाराच्या माथी येणार नाही.

अर्थात, सूची खुली करताना तारतम्य हवे. जात, गुन्ह्याची नोंद, दत्तकविधान या गोष्टी गावात आजही भांडणाला कारण होतात. जुन्या काळापुरते बंधन, वंशजांनाच संपूर्ण प्रत, इतरांना केवळ नोंद असल्याची माहिती, असे टप्पे ठरविता येतील.

गावातील भाट, दक्षिण महाराष्ट्रातले हेळवी, त्र्यंबकेश्वर-नाशिकचे तीर्थोपाध्याय यांनी आपापल्या वह्यांत पिढ्यान् पिढ्यांची नावे जपली. त्यांचा मोबदला यजमानाकडून येत असे, म्हणून त्यांच्या वह्यांतही ऐपतदार घरेच अधिक आहेत. सरकारी दप्तराने तरी तसा भेद करू नये, अशी अपेक्षा ठेवणे रास्त आहे. ते दप्तर साऱ्यांच्या करातून सांभाळले जाते. २०२३ पासून राज्याने जुन्या कागदांवर जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लावला, तेवढा त्याआधी क्वचितच लावला असेल. त्यातून प्रमाणपत्रे किती निघाली, एवढ्यावरच या कामाचा हिशेब झाला, तर पुढच्या आंदोलनाच्या वेळी तीच पुस्तके पुन्हा उघडावी लागतील. तोवर त्यांची काही पाने आणखी गळून गेलेली असतील आणि ती बहुधा अशा माणसांची असतील, ज्यांच्या नावावर दुसरा कोणताही कागद नाही.